वेंडी हिलर : अभिनय, बोली आणि प्रमाणभाषा

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला :
- ब्रिटिश अभिनेत्री वेंडी हिलर यांच्या रंगभूमीवरील व चित्रपटांतील कारकिर्दीचा परिचय होईल.
- पात्राची भाषा आणि त्याचे सामाजिक स्थान यांचा संबंध उदाहरणांसह सांगता येईल.
- भाषा बदलताना उच्चार, शब्दसंग्रह, वाक्यरचना आणि संभाषणसंकेत हे स्तर वेगवेगळ्या गतीने बदलतात, हे स्पष्ट करता येईल.
- बोली आणि प्रमाणभाषा यांच्याविषयीच्या ‘शुद्ध-अशुद्ध’ या कल्पनेचा चिकित्सक विचार करता येईल.

४.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण भाषा, बोली आणि प्रमाणभाषा या संकल्पनांची सैद्धांतिक ओळख करून घेतली. प्रमाणभाषा ही मुळात अनेक बोलींपैकीच एक असते. शिक्षण, प्रशासन, मुद्रण आणि प्रतिष्ठित वर्गाचा वापर यांमुळे तिला विशेष स्थान मिळते. भाषिक गुणवत्तेच्या दृष्टीने ती इतर बोलींहून श्रेष्ठ असते, असे मानण्यास आधार नाही. हा सिद्धांत आपण मान्य केला, तरी व्यवहारात मात्र माणसाच्या पहिल्या दोन वाक्यांवरून त्याचे गाव, शिक्षण आणि सामाजिक स्तर यांचा अंदाज बांधला जातो आणि त्याला द्यायची वागणूकही त्यावरूनच ठरते.

हा व्यवहार कसा चालतो हे पाहण्यासाठी नाटकासारखे दुसरे साधन नाही. नाटकातील पात्र बोलू लागते तेव्हाच प्रेक्षक त्याला ओळखतो. त्यामुळे भाषिक स्तरांचे सूक्ष्म भान अभिनेत्याला ठेवावेच लागते. प्रस्तुत घटकात आपण यासाठी वेंडी हिलर (१९१२–२००३) यांची कारकीर्द अभ्यासणार आहोत. त्यांच्या अनेक महत्त्वाच्या भूमिकांमध्ये ‘कोण कोणती भाषा बोलते आणि त्यामुळे तिचे काय होते’ हा प्रश्न केंद्रस्थानी किंवा केंद्राच्या जवळ आहे.

४.२ जडणघडण

वेंडी हिलर यांचा जन्म १५ ऑगस्ट १९१२ रोजी इंग्लंडच्या वायव्य भागातील चेशर परगण्यात, स्टॉकपोर्टजवळच्या ब्रॅमहॉल येथे झाला. त्यांचे वडील मँचेस्टरच्या कापड उद्योगातील कारखानदार होते. मँचेस्टर आणि त्याच्या भोवतीचा लँकेशरचा प्रदेश त्या काळी सूतगिरण्यांसाठी जगभर प्रसिद्ध होता. या प्रदेशाच्या बोलीची स्वतःची स्वरव्यवस्था, शब्द आणि लय आहे. दक्षिणेकडील, विशेषतः लंडनच्या प्रतिष्ठित वर्तुळातील इंग्रजी बोलणाऱ्यांना ती खडबडीत वाटत असे.

हिलर यांचे घर सुस्थितीतील होते. मुलीच्या बोलण्यातील उत्तरेचा ढंग जावा, या हेतूने आईवडिलांनी त्यांना दक्षिण किनाऱ्यावरील बेक्सहिल येथील शाळेत पाठवले. ही घटना लक्षात ठेवण्याजोगी आहे. उच्चार हे त्या समाजात केवळ बोलण्याचे वैशिष्ट्य नव्हते, तर ती एक मिळकत होती. मुलीच्या भवितव्यासाठी ती मिळवून द्यावी, असे पालकांना वाटत होते. पुढे ज्या भूमिकेने हिलर यांना जगभर ओळख दिली, तिच्यातील नायिका नेमकी हीच मिळकत मिळवू पाहते.

शालेय शिक्षणानंतर हिलर मँचेस्टर रेपर्टरी थिएटरमध्ये उमेदवारी करू लागल्या. ‘रेपर्टरी’ म्हणजे ठरावीक नटसंचाने थोड्या थोड्या दिवसांनी नवे नाटक उभे करणारी नाट्यसंस्था. आज विनोदी प्रहसन, तर पुढच्या आठवड्यात गंभीर सामाजिक नाटक, असा तिचा क्रम असे. लहान भूमिका करणे आणि रंगमंचाच्या मागची कामे सांभाळणे या दोन्ही गोष्टी नवशिक्या नटाला कराव्या लागत. वेगवेगळ्या थरांतील माणसांचे बोलणे थोड्या अवधीत आत्मसात करण्याची सवय या शिक्षणातून लागते.

४.३ सॅली हार्डकॅसल : बोलीतून मिळालेले यश

१९३३ साली वॉल्टर ग्रीनवुड यांची ‘लव्ह ऑन द डोल’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. ‘डोल’ म्हणजे बेरोजगारांना मिळणारा सरकारी भत्ता. मँचेस्टरला लागून असलेल्या सॅल्फर्ड येथील कामगार वस्तीचे, जागतिक मंदीच्या काळातील चित्रण तिच्यात आहे. रोनाल्ड गाऊ यांनी या कादंबरीचे नाट्यरूपांतर केले आणि १९३४ मध्ये मँचेस्टर येथे ते रंगभूमीवर आले. गिरणीत काम करणाऱ्या सॅली हार्डकॅसलची भूमिका हिलर यांनी केली.

सॅली मानी आहे. तिचा प्रियकर लॅरी हा विचारी, राजकीय जाणीव असलेला कामगार आहे. त्याचा मृत्यू होतो. वडील आणि भाऊ यांना काम नसते. अखेर घरातील पुरुषांना नोकरी मिळावी म्हणून ती एका श्रीमंत सट्टेवाल्याची रखेल होण्याचे स्वीकारते. हा निर्णय ती रडत-भेकत सांगत नाही. आपल्या बोलीत, घरच्यांच्या तोंडावर, स्पष्टपणे सांगते. येथे बोली हास्यनिर्मितीसाठी वापरलेली नाही. त्या काळच्या लंडनच्या व्यावसायिक रंगभूमीवर प्रादेशिक बोली बहुधा नोकर, मोलकरीण किंवा विनोदी पात्र यांच्या वाट्याला येई. सॅलीच्या रूपाने लँकेशरची बोली शोकात्म नायिकेच्या मुखी आली.

१९३५ मध्ये हे नाटक लंडनच्या गॅरिक थिएटरमध्ये आणि पुढील वर्षी न्यूयॉर्कमध्ये सादर झाले. जो ढंग जावा म्हणून हिलर यांना दूरच्या शाळेत धाडले गेले होते, त्याच्याच जोरावर त्या लंडनच्या रंगभूमीवर नावारूपाला आल्या. १९३७ मध्ये रोनाल्ड गाऊ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या कथेवरील चित्रपटाला मात्र ब्रिटिश चित्रपट परीक्षण मंडळाने १९३६ मध्ये संमती नाकारली. तो १९४१ मध्ये निघाला, तेव्हा सॅलीची भूमिका डेबोरा कर यांनी केली.

४.४ एलायझा डूलिटल : दोन भाषांच्या मधली अवस्था

जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचे ‘पिग्मॅलियन’ हे नाटक प्रथम १९१३ मध्ये व्हिएन्ना येथे जर्मन भाषांतराच्या रूपाने आणि १९१४ मध्ये लंडनमध्ये मूळ इंग्रजीत सादर झाले. लंडनमध्ये फुले विकणारी एलायझा ‘कॉकनी’ म्हणजे लंडनच्या श्रमिकांची बोली बोलते. ध्वनिविज्ञानाचा प्राध्यापक हिगिन्स तिला काही महिन्यांत उच्चभ्रू स्त्रीसारखे बोलायला शिकवण्याची पैज घेतो. हिगिन्सच्या व्यक्तिरेखेत हेन्री स्वीट या प्रसिद्ध ध्वनिशास्त्रज्ञाच्या काही छटा असल्याचे शॉ यांनीच प्रस्तावनेत नमूद केले आहे.

पहिल्या प्रयोगात एलायझा साकारणाऱ्या मिसेस पॅट्रिक कॅम्पबेल तेव्हा एकोणपन्नास वर्षांच्या होत्या. हिलर यांनी १९३६ च्या मॉल्व्हर्न नाट्यमहोत्सवात ही भूमिका केली, तेव्हा त्या सुमारे चोवीस वर्षांच्या होत्या. त्याच महोत्सवात त्यांनी शॉ यांच्याच ‘सेंट जोन’मधील जोनही साकारली. शॉ तेव्हा ऐंशी वर्षांचे झाले होते. आपल्या या नायिकेसाठी त्यांनी हिलर यांना पसंती दिली. १९३८ मध्ये गॅब्रिएल पास्कल यांनी निर्माण केलेल्या आणि अँथनी अ‍ॅस्क्विथ व लेस्ली हॉवर्ड यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘पिग्मॅलियन’ चित्रपटातही एलायझा हिलर यांच्याकडेच आली. हिगिन्सची भूमिका स्वतः हॉवर्ड यांनी केली. या चित्रपटासाठी हिलर यांना ऑस्करचे सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे नामांकन मिळाले, तर पटकथेचा ऑस्कर शॉ व त्यांच्या सहलेखकांना लाभला.

आता या भूमिकेचा भाषिक अंगाने विचार करू. नाटकाच्या संहितेत शॉ यांनी एलायझाची पहिली काही वाक्ये उच्चारानुसारी लेखनात दिली आहेत. पण लंडनबाहेरच्या वाचकाला ती कळणार नाहीत, असे म्हणून त्यांनी तो प्रयत्न लगेच सोडून दिला. याचा अर्थ असा, की नाटकाचा जो मूळ विषय, म्हणजे उच्चार, तो छापील पानावर पूर्णपणे उतरतच नाही. तो अभिनेत्रीच्या कंठातून सिद्ध व्हावा लागतो.

एलायझाच्या भाषेच्या तीन अवस्था दिसतात : आरंभीची बोली, अखेरची सफाईदार प्रमाणभाषा आणि या दोहोंमधील अपुरी अवस्था. सर्वांत अवघड आहे ती मधली. हिगिन्सच्या आईकडील चहापानाच्या प्रसंगी एलायझा प्रथमच प्रतिष्ठितांमध्ये येते. हवामानाविषयी ती एखाद्या शासकीय वार्तापत्रासारखे घोटीव वाक्य बोलते. पुढे त्याच निर्दोष उच्चारांत ती आपल्या मावशीच्या संशयास्पद मृत्यूची आणि घरातल्या दारूची कहाणी सांगू लागते. नाटकात निघताना तिच्या तोंडून ‘ब्लडी’ हा त्या काळी सभ्य समाजात वर्ज्य असलेला शब्द सहज निसटतो. १९१४ मध्ये या एका शब्दाने लंडनमध्ये मोठी खळबळ उडवली होती. हिलर यांच्या चित्रपटातही तो उच्चारला गेला आणि ब्रिटिश पडद्यावर ते एक धाडसच ठरले.

या प्रवेशाचे विश्लेषण आपल्याला पुढील चार स्तरांवर करता येईल :

१. उच्चार : स्वर, व्यंजने आणि आघात प्रमाण झाले आहेत.
२. शब्दसंग्रह : पाठ केलेल्या वाक्यांपुरता बदलला आहे, मनापासून बोलताना जुने शब्द परत येतात.
३. वाक्यरचना : घोटलेली वाक्ये व्याकरणशुद्ध आहेत, परंतु कथन सुरू होताच बोलीची रचना डोकावते.
४. संभाषणसंकेत : कोणाशी, कोणत्या विषयावर, किती बोलावे, याचे संकेत मुळीच बदललेले नाहीत.

मुलीचे उच्चार तयार झाले, पण ती काय उच्चारते याचाही विचार करावा लागतो, अशा आशयाचे उद्गार हिगिन्सनेच या प्रवेशाआधी काढले आहेत. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्रत्यक्षात प्रौढ माणूस दुसरी भाषा किंवा बोली शिकतो, तेव्हा शब्द आणि रचना तुलनेने लवकर येतात. उच्चारांचा मूळ ढंग मात्र दीर्घकाळ टिकून राहतो. शॉ यांनी हा क्रम उलटा केला आहे. हिगिन्स केवळ ध्वनींचा तज्ज्ञ असल्यामुळे ती उलटापालट नाटकात पटते आणि तिच्यातूनच विनोद निर्माण होतो.

हिलर यांनी हा प्रवेश साकारताना एलायझाला हास्यास्पद केले नाही. त्या प्रत्येक शब्द अतिशय जपून, जणू हातातील काचेचे भांडे सांभाळावे तसा उच्चारतात. चेहऱ्यावर पूर्ण गांभीर्य असते. आपले काही चुकत आहे, याची एलायझाला जाणीवही नसते. त्यामुळे प्रेक्षक हसतो, पण तिला हसत नाही. हा फरक अभिनयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे.

नाटकाचा खरा प्रश्न पैज जिंकल्यानंतर उभा राहतो. एलायझा आता रस्त्यावर फुले विकू शकत नाही आणि उच्चभ्रू स्त्रीसारखे जगण्यासाठी लागणारा पैसाही तिच्याजवळ नाही. परदेशी नेलेले मूल जसे आपली भाषा विसरते, तसे आपले झाले आहे, असे ती सांगते. नव्या भाषेसोबत नवे स्थान मिळाले नाही, तर माणूस दोन्हीकडून तुटतो. हिलर यांच्या अभिनयात या प्रसंगातील राग आणि मानभंग ठळकपणे दिसतो. चित्रपटाचा शेवट एलायझा हिगिन्सकडे परतते असा आहे. शॉ यांनी मात्र नाटकाला जोडलेल्या उत्तरकथनात तिचा विवाह फ्रेडी या तरुणाशी होतो, असेच लिहून ठेवले होते.

४.५ रंगभूमीवरील पुढील वाटचाल

एवढ्या यशानंतर हिलर यांना हॉलिवुडमध्ये स्थायिक होता आले असते. त्यांनी रंगभूमीला आणि संसाराला प्राधान्य दिले. लंडनजवळील बीकन्सफील्ड येथे त्यांचे घर होते. त्यांना एक मुलगी आणि एक मुलगा अशी दोन अपत्ये. पूर्वतयारी म्हणून एक मर्यादा सांगावी लागेल : रंगभूमीवरील अभिनय प्रयोगाबरोबर संपतो. त्यामुळे या कामाची व्याप्ती आपल्याला भूमिकांच्या नोंदीवरूनच समजून घ्यावी लागते.

१९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ‘द एअरेस’ या नाटकात त्यांनी कॅथरिन स्लोपर ही पित्याच्या धाकाखालील अबोल कन्या साकारली. १९५१ पासून लंडनच्या हेमार्केट थिएटरमध्ये एन. सी. हंटर यांच्या ‘वॉटर्स ऑफ द मून’ या नाटकात त्या सिबिल थॉर्नडाइक आणि एडिथ एव्हन्स या ज्येष्ठ अभिनेत्रींसह उभ्या राहिल्या. सुमारे पाव शतकानंतर त्याच नाटकाच्या पुनरुज्जीवनात, इन्ग्रिड बर्गमन यांच्यासोबत, त्यांनी पूर्वी थॉर्नडाइक यांनी केलेली वृद्धेची भूमिका केली. १९५५-५६ च्या हंगामात ओल्ड व्हिक या संस्थेत त्यांनी शेक्सपिअरच्या नाटकांतील भूमिका केल्या. ‘ऑथेल्लो’मधील एमिलिया ही त्यांपैकी एक. १९५७ मध्ये युजीन ओनील यांच्या ‘अ मून फॉर द मिसबिगॉटन’मधील जोसी होगन ही आयरिश वंशाच्या शेतकऱ्याची कन्या त्यांनी ब्रॉडवेवर उभी केली.

४.६ पडद्यावरील निवडक भूमिका

हिलर यांनी मोजकेच चित्रपट केले. १९४१ च्या ‘मेजर बार्बरा’नंतर १९४५ मध्ये पॉवेल व प्रेसबर्गर यांचा ‘आय नो व्हेअर आय अ‍ॅम गोइंग’ आला. त्यातील जोन वेबस्टर ही मँचेस्टरच्या बँक व्यवस्थापकाची मुलगी एका धनाढ्य उद्योगपतीशी विवाह करण्यासाठी स्कॉटलंडच्या बेटांकडे निघते आणि वादळामुळे मल बेटावर अडकते. तेथील माणसे आपसांत गेलिक बोलतात. आपण कोठे निघालो आहोत हे पक्के ठाऊक असलेली, सफाईदार इंग्रजी बोलणारी जोन येथे परकी ठरते. एलायझाच्या नेमकी उलट ही स्थिती आहे.

१९५८ च्या ‘सेपरेट टेबल्स’मध्ये त्यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका हॉटेलच्या व्यवस्थापिकेची, मिस कूपरची, भूमिका केली. ज्याच्यावर तिचे प्रेम आहे तो पुरुष आपल्या पूर्वपत्नीकडे परततो, आणि ती आपले दुःख रोजच्या कामकाजी बोलण्याआड ठेवते. या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्रीचा ऑस्कर मिळाला.

१९६० चा ‘सन्स अँड लव्हर्स’ हा डी. एच. लॉरेन्स यांच्या कादंबरीवर आधारित चित्रपट आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. कादंबरीतील मॉरेल हा खाणकामगार नॉटिंगहॅमशरची बोली बोलतो, तर त्याची पत्नी नेटकी प्रमाण इंग्रजी. एकाच स्वयंपाकघरात दोन भाषारूपे नांदतात आणि मुले आईच्या भाषेकडे झुकतात. पत्नीची भूमिका हिलर यांनी केली आहे. प्रमाणभाषा येथे उन्नतीचे साधन आहे, तशीच ती नवराबायकोमधील भिंतही आहे.

१९६६ च्या ‘अ मॅन फॉर ऑल सीझन्स’मध्ये त्यांनी सर टॉमस मोर यांची पत्नी अ‍ॅलिस साकारली. पती आणि सावत्र कन्या मार्गारेट लॅटिनमध्ये पारंगत. अ‍ॅलिसपाशी विद्वत्तेची भाषा नाही. तुरुंगातील अखेरच्या भेटीत तिचे प्रेम तक्रारीच्या सुरातून प्रकट होते. या भूमिकेने त्यांना तिसरे ऑस्कर नामांकन मिळवून दिले. पुढे ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’ (१९७४) मधील रशियन राजकन्या आणि ‘द एलिफंट मॅन’ (१९८०) मधील मुख्य परिचारिका या भूमिकाही लक्षणीय ठरल्या. १९७५ मध्ये त्यांना ‘डेम’ हा किताब मिळाला. १९८८ मध्ये लंडनमध्ये ‘ड्रायव्हिंग मिस डेझी’ या नाटकात त्यांनी प्रमुख भूमिका केली. १४ मे २००३ रोजी बीकन्सफील्ड येथे त्यांचे निधन झाले.

४.७ मराठीतील एलायझा

‘पिग्मॅलियन’चे मराठी रूप म्हणजे पु. ल. देशपांडे यांचे ‘ती फुलराणी’. १९७५ मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकातील मंजुळेची भूमिका भक्ती बर्वे यांनी अजरामर केली. रूपांतरकारापुढील अडचण आपण आता नेमकेपणाने मांडू शकतो. इंग्लंडमध्ये सामाजिक स्तर मुख्यतः स्वरांच्या उच्चारावरून ओळखला जातो. मराठीत ही खूण ‘ण’ आणि ‘न’, ‘श’ आणि ‘स’ यांसारख्या व्यंजनांत, क्रियापदांच्या रूपांत आणि शब्दांच्या निवडीत असते. शिवाय मराठीत बोलीला वर्गाबरोबर जात आणि प्रदेश यांचेही संदर्भ चिकटलेले असतात. म्हणून अशा नाटकाचे शब्दशः भाषांतर करता येत नाही. मूळ भाषेतील सामाजिक खुणांच्या जागी आपल्या भाषेतील खुणा शोधाव्या लागतात.

४.८ समारोप

आपल्यापैकी अनेकांच्या घरी वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी किंवा अन्य बोली बोलली जाते. परीक्षेत, मुलाखतीत आणि कार्यालयात प्रमाण मराठीची अपेक्षा असते. ती अवगत करणे आवश्यक आहे आणि हा अभ्यासक्रम त्यासाठी साहाय्य करतो. तथापि, नवी भाषा येण्यासाठी जुनी पुसली पाहिजे, हा समज चुकीचा आहे. एलायझाला तिची पहिली भाषा गमावल्याचे दुःख झाले, कारण हिगिन्सने तिच्या बोलीला केवळ दोष मानले. वेंडी हिलर यांनी मात्र उत्तरेची बोली आणि दक्षिणेची प्रमाणभाषा या दोन्ही जवळ बाळगल्या. म्हणूनच गिरणीतील सॅली आणि सरदारपत्नी अ‍ॅलिस या दोघींनाही त्या सारख्याच विश्वासाने बोलते करू शकल्या. ‘अशुद्ध’ हा शब्द बोलीला लावण्यापूर्वी, ती कोणत्या प्रसंगी आणि कोणाशी बोलली जात आहे, हे पाहण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

४.९ स्वाध्याय

१. ‘लव्ह ऑन द डोल’मधील सॅलीच्या मुखी बोली असण्याचे महत्त्व स्पष्ट करा.
२. चहापानाच्या प्रवेशातील एलायझाच्या भाषेचे चार स्तरांवर विश्लेषण करा.
३. एलायझा आणि जोन वेबस्टर यांच्या भाषिक स्थितीची तुलना करा.
४. ‘पिग्मॅलियन’ मराठीत आणताना उद्भवणाऱ्या भाषिक अडचणी सोदाहरण लिहा.
५. उपक्रम : आपल्या घरातील एका व्यक्तीचे घरात, बाजारात आणि शासकीय कार्यालयात होणारे बोलणे लक्षपूर्वक ऐका. उच्चार, शब्द, वाक्यरचना आणि संभाषणसंकेत यांपैकी कोणत्या स्तरावर बदल होतो, त्याची दहा उदाहरणे नोंदवा.